बांबूंवर तारीख नव्हती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ गृहस्थांचं पत्र वाचलं. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर जिल्ह्याचे सगळे अधिकार एका हातात द्यावेत आणि 'रोग समूळ जाईपर्यंत' त्यात कुणी ढवळाढवळ करू नये, असं त्यांनी लिहिलंय. दुसऱ्या लाटेत त्यांच्या घरातलं माणूस गेलं. त्यामुळं उत्तर द्यावं की गप्प बसावं, यात माझे चार दिवस गेले. पण 'समूळ जाईपर्यंत' हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. पत्र मोठं झालंय. जागेअभावी कापावं लागलं तर खुशाल कापा, फक्त गल्लीतल्या बांबूंची हकीकत तेवढी राहू द्या.

मी आरोग्यसेविका होते. 33 वर्षं कोल्हापूर शहरातल्या वस्त्यांत काम केलं आणि 2022 साली निवृत्त झाले. आमचे हे महाद्वार रोडला लागून ओटीचं साहित्य विकतात. खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. म्हणजे साथीचा हुकूम बजावणारी मी आणि त्या हुकमानं ज्यांच्या दुकानाला कुलूप लागलं ते हे, असे आम्ही दोघं रोज रात्री एकाच ताटवाट्यांवर समोरासमोर बसायचो. अंबाबाईचं देऊळ मार्च 2020 ला बंद झालं ते दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडलं. पुढच्या एप्रिलात परत बंद, ते थेट 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेला उघडलं. त्या दिवसांत हे मला एकदाही टोचून बोलले नाहीत. फक्त रात्री विचारायचे, "अजून किती दिवस?" आणि मला माहीत नसायचं.

आधीच सांगते, साथीत सरकारला जादा अधिकार लागतात, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. मी ते वापरलेत. संसर्ग झालेला माणूस बाजारात फिरत असेल तर त्याला घरात बसवायचा अधिकार कुणाला तरी असलाच पाहिजे. मे 2020 मध्ये राज्य सरकारनं खासगी दवाखान्यांतल्या 80 टक्के खाटा आपल्या दरात आणल्या. साध्या वॉर्डाला दिवसाला 4,000, आयसीयूला 7,500, व्हेंटिलेटर लागला तर 9,000 रुपये. हा अधिकार नसता तर आमच्या भागातल्या कितीतरी घरांना दागिने घेऊन गुजरीत, सराफांच्या बाजारात, जावं लागलं असतं. तेव्हा माझं म्हणणं अधिकाराविरुद्ध आहे असं कुणी समजू नये. तो संपणार कधी आणि पुढं वाढवायचं म्हटलं तर कुणी वाढवायचा, एवढ्यावरच मला बोलायचंय.

13 मार्च 2020 ला राज्यात साथरोग कायदा लागू झाला आणि चार-पाच दिवसांत आमच्या हातात शिक्के आले. परगावाहून, परदेशातून आलेल्या माणसाच्या डाव्या हातावर 'होम क्वारंटाईन' असा शिक्का मारायचा आणि कधीपर्यंत ती तारीख तिथंच लिहायची. माणसं हात पुढं करताना कसनुशी व्हायची. एक कॉलेजातली मुलगी तर रडली, गुन्हेगार असल्यासारखं वाटतंय म्हणाली. पण मी एक बघितलं. शिक्का मारलेली माणसं घरात बसली. सगळी नसतील, पण बहुतेक बसली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती गोल केलेला मी दोन-तीन घरांत बघितलाय. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा, "सिस्टर, झाले बघा माझे चौदा दिवस, आता जाऊ का कामाला?" त्या मुलीचा फोन सगळ्यांत आधी आला होता.

आता बांबू.

आमच्या भागात पायताण करणाऱ्या कारागिरांची एक बोळवजा गल्ली आहे, अकरा घरांची. जुलै 2020 मध्ये तिथल्या एका घरात दोघं पॉझिटिव्ह आले. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या दोन्ही तोंडांना आडवे-उभे बांबू बांधले, एका बाजूला पत्रा ठोकला आणि वर फलक लावला, 'प्रतिबंधित क्षेत्र'. बांधताना मी तिथं उभी होते. खरं तर मीच घरं मोजून दिली होती. त्यात मला आजही काही चूक वाटत नाही. भिंतीला भिंत लागून घरं, संडास सामाईक, दुसरा काय उपाय होता? रोज सकाळी ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन मी बांबूखालून वाकून आत जायची. अकरा घरं तपासायची आणि परत वाकून बाहेर यायची.

दोघं पेशंट बरे होऊन आले. नंतर कुणी निघालं नाही. नियमानं जेवढे दिवस थांबायचं तेवढे भरले. मी अहवाल लिहून दिला. बांबू तसेच.

एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "आम्ही बांधून देतो. सोडायचं आमच्याकडं नाही, वरून आदेश लागतो." वर विचारलं तर, "आरोग्याचा अहवाल येऊ दे." आरोग्याचा अहवाल म्हणजे माझाच कागद, त्याची पोच माझ्या पिशवीत. पोच दाखवली तर म्हणाले की ज्या साहेबांची सही लागते ते दुसऱ्या ड्युटीवर आहेत. त्या माणसांवर माझा राग नाही. तीही रात्र रात्र जागत होती, त्यांतले दोघं पुढं स्वतःच आजारी पडले. पण मूळ आदेश काढून बघितला तर शेवटची ओळ होती, 'पुढील आदेश होईपर्यंत'. आणि पुढचा आदेश काढायचं काम कुणाच्याच वाट्याचं नव्हतं.

दिवस भरल्यावरही बांबू 19 दिवस राहिले.

त्या गल्लीत एक कारागीर राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. कापशी पायताण करावं ते मामांनी. त्यांचं कामाचं खोपटं बांबूंच्या पलीकडं, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. लग्नसराई आणि जोतिबाची चैत्र यात्रा बुडाल्यामुळं माल अंगावर पडलेला, त्यात पुढच्या हंगामासाठी घेतलेलं कातडं. पावसाळ्यात कातडं बंद खोलीत टाकून चालत नाही, वरचेवर उघडून वारा द्यावा लागतो, नाहीतर भुरा धरतो. मामा रोज मला सांगायचे, "सिस्टर, तासभर सोडा की, दार उघडून येतो." मी सोडलं नाही. नियम होता तोवर सोडलं नाही ते बरोबरच केलं. पण दिवस भरल्यावरही सोडलं नाही, कारण बांबू होते. तेवढं मात्र मनातून जात नाही.

शेवटी गणपतीच्या आधी दोन दिवस गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी रात्री बांबू उपसले. कुणी काढले म्हणून चौकशीला कोण आलंच नाही. फलकही गेला. बांबू मांडवाला लागले. त्या साली चार फुटांचीच मूर्ती होती, मांडवही बेताचाच. दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मी खोपटं उघडायला गेले. दार ढकललं आणि कुबट वासाची लाटच बाहेर आली. थप्पीतल्या वरच्या दोन-तीन कातड्यांवर पांढरा भुरा, आत बघावं तर हिरवट-काळं. मामांनी एक उचललं, उजेडात धरलं आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अमुक तारखेला सुटणार असं आधी कळलं असतं तर थोरल्याला पहिल्याच दिवशी पलीकडं झोपायला पाठवला असता की."

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. नुकसान झालं, साथीत कुणाचं झालं नाही?

एप्रिल 2021. दुसरी लाट. आता खरोखर घरोघर शोधायची वेळ होती, कारण या वेळी माणूस दोन दिवसांत खाली जायचा. मी त्याच गल्लीत गेले. मामांच्या धाकट्या भावाच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, कुणाला ताप, खोकला? वहिनी म्हणाल्या, कुणाला काही नाही. तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली. वहिनी लगेच म्हणाल्या, "फोडणीचा ठसका लागला बघा." माझ्या तोंडावर दोन मास्क. फोडणीचा वास येतोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मी वहीत 'लक्षणे नाहीत' असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. सहाव्या दिवशी मामांच्या भावाला रिक्षात घालून नेलं तेव्हा ऑक्सिजन 68 होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. बेचाळीस वर्षांचे होते.

तेराव्यानंतर वहिनी माझ्याशी बोलल्या. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, तापाचा पाचवा दिवस होता. "बांबू लागतील म्हणाले. एकदा लागले की सुटत नाहीत म्हणाले." हे त्यांचे शब्द.

संपादक महोदय, मी 33 वर्षं माणसांना दवाखान्यात यायला तयार करत आले. क्षयरोगी असोत, कुष्ठरोगी असोत, माणूस आजार लपवतो तो आजाराला भिऊन कमी आणि आजारानंतर आपलं काय करतील याला भिऊन जास्त. बंदीला शेवट दिसला तर माणूस ती सोसतो. तोच दिसला नाही तर लपवतो, आणि लपवलेला एक पेशंट शंभर बांबूंना भारी पडतो. म्हणून मुदतीची गोष्ट मी कोर्टकचेरीतल्या हक्कांची म्हणून मांडत नाही. तो त्यांचा विषय आहे, ते मांडतील. माझ्यासाठी मुदत हा लसीइतकाच रोग आटोक्यात आणायचा उपाय आहे.

हे आपल्याला नवंही नाही. ज्या कायद्यानं मी शिक्के मारले तो 4 फेब्रुवारी 1897 चा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी आठवड्याभरात केलेला, चार कलमांचा. निवृत्त झाल्यावर मी तो पहिल्यांदा सबंध वाचला. चहा निवेपर्यंत वाचून होतो. त्यात सरकारला तात्पुरते नियम करायचा अधिकार आहे, मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्याला संरक्षण आहे. तात्पुरते म्हणजे किती दिवस, ते कुठंच नाही. त्याच साली पुण्यात प्लेग आवरायला घरात घुसून झडत्या झाल्या. तिथल्या लोकांनी काय केलं? पेशंट लपवले. 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी चालली, तो भाग शाळेत सगळ्यांनी वाचलाय. पेशंट माळ्यावर लपवून ठेवणाऱ्या घरांची गोष्ट मात्र शाळेत कुणी शिकवत नाही, आणि मला वाटतं आरोग्याच्या माणसानं तीच आधी शिकायला हवी.

आपल्याकडं कोल्हापुरात प्लेग आला तेव्हा शाहू महाराजांनी गावाबाहेर झोपड्या उभारून लोकांना हलवलं. माझ्या सासूबाई त्यांच्या आजीचं ऐकलेलं सांगायच्या. घरातली भांडी पुरून, दाराला कडी घालून सगळे माळावर गेले. गाव सुनसान. पण त्या आजीच्या बोलण्यात भीतीपेक्षा हिशेब जास्त असायचा: उंदीर पडायचे थांबले, ऊन तापलं, की परत. पावसाआधी घर शाकारायला माणूस आला पाहिजे, हे सगळ्यांना ठाऊक. घराघरांतून असं किती झालं ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या घरात प्लेगची आठवण ही अशी परत येण्याची आहे.

कोरोनाच्या आदेशांना तारखाच नव्हत्या, असं मी म्हणणार नाही. वरच्या आदेशांना होत्या. एप्रिल 2021 मधला 'ब्रेक द चेन'चा आदेश 1 मेपर्यंत होता. मग 15 मे, मग 1 जून, मग 15 जून. आदल्या रात्री मोबाईलवर मुदतवाढ यायची. आमच्या ह्यांनी शेवटी शेवटी तारीख वाचायचंच सोडून दिलं. ज्यानं आदेश काढला त्यानंच तो वाढवायचा, का वाढवला ते चार ओळींत, आणि वाढवू नका म्हणायला समोर कुणी नाही, अशी तारीख असून नसल्यासारखी.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट जून 2021 मध्ये झाली. 7 जूनपासून राज्यानं पाच स्तर केले, पहिला सगळ्यांत मोकळा, पाचवा सगळ्यांत कडक. चाचण्यांत किती टक्के पॉझिटिव्ह येतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात, यावर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. कोल्हापूर चौथ्या स्तरात अडकलं. पण एक गंमत बघा, लोक आकडा विचारायला लागले. रिक्षावाला, दूधवाला, ह्यांच्या शेजारचा बांगडीवाला, सगळे मला विचारायचे, "सिस्टर, या आठवड्याला किती टक्के आलं?" टक्का खाली आणायचा म्हणून काहींनी मास्क नीट लावायला सुरुवात केली. मोजपट्टी दिसली की माणसं तिच्याकडं बघून वागतात. मग 25 जूनला मोजपट्टीच बदलली. डेल्टा प्लस हा विषाणूचा नवा प्रकार आला म्हणून आकडा काहीही असो, तिसऱ्या स्तराच्या खाली कुणी येणार नाही, असं ठरलं. कारण खोटं नव्हतं. पण ज्या दुकानदारानं अडीच-तीन आठवडे टक्का मोजला त्याला आता मोजायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. व्यापारी रस्त्यावर उतरले. जुलैच्या शेवटी पंचगंगेला महापूर आला आणि जी काय दुकानं उघडली होती त्यांत पाणी शिरलं.

त्या गृहस्थांचा मुद्दा मला कळतो. विषाणू काही कॅलेंडर बघत नाही, मुदत संपली आणि लाट अजून चढतीच असली तर काय करायचं? तर आम्ही लसीच्या सत्रात काय करतो ते सांगते. बीसीजीची किंवा गोवर-रुबेलाची व्हायल, म्हणजे लसीची कुपी, फोडली की लेबलवर वेळ लिहायची. कोव्हिशिल्डलाही तेच होतं. चार तास झाले की व्हायल बाजूला, आत डोस उरले असले तरी. नवीन मुलींना पहिल्या दिवशी ते डोस टाकताना जीवावर येतं. पण रांगेत मुलं अजून उभी असतील तर सत्र बंद पडत नाही. नवी व्हायल काढायची, तपासायची, फोडायची, नवी वेळ लिहायची. अधिकाराचं तसंच करता येईल. लाट चढती असेल तर नवा आदेश काढा, पण नव्यानं तपासून आणि नवी वेळ लिहून. तो दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाऊ द्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं 30 जानेवारी 2020 ला आणीबाणी जाहीर केली आणि 5 मे 2023 ला ती संपल्याचं सांगितलं. म्हणजे सव्वातीन वर्षं चालली. पण त्यांच्या नियमांत तात्पुरत्या शिफारशी तीन महिन्यांनी आपोआप गळून पडतात. म्हणून दर वेळी तज्ज्ञांची समिती बसायची, नव्यानं बघायची, मग पुढं. त्यामुळं काही अडलं नाही. आपल्या घरचंच बघायचं तर जमावबंदीचं जुनं 144 कलम घ्या. अधिकाऱ्यानं काढलेला तो आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही. राज्य सरकारला वाढवायचा असेल तर आणखी सहा महिने, पुढं नाही. 1975 च्या आणीबाणीनंतर, 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं, आणीबाणीला महिन्याच्या आत संसदेची मंजुरी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी असं घातलं गेलं. देशावर आणीबाणी लादायला सहा महिन्यांनी विचारावं लागतं. आमच्या गल्लीला बांबू लावायला मात्र एकदा विचारलं की पुरे.

आणि विचारायचं कुणी? कोल्हापूरकरांना हे जास्त बोचायला हवं. आपल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. साथीमुळं निवडणूक पुढं गेली, प्रशासक आले. पुढं साथ ओसरली, 1 एप्रिल 2022 ला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, राज्यातले निर्बंध पूर्ण उठले, पण आरक्षणाचे वाद कोर्टात गेले आणि सभागृह आणखी कितीतरी काळ रिकामंच राहिलं. म्हणजे 2021 च्या त्या एप्रिलात, मामांच्या गल्लीचं काय झालं हे सभेत उभं राहून विचारणारा नगरसेवकच नव्हता. नगरसेवकांचं मला फार कौतुक आहे असं नाही. पण दारात जाऊन भांडायला एक दार लागतं, तेही साथीनं बंद केलं होतं.

विधी आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये या 1897 च्या कायद्याचा फेरविचार करणारा 286 वा अहवाल दिला आहे. कायदा अपुरा आहे, बदला किंवा नवा करा, असं त्यात आहे. आज ना उद्या तो बदलेल. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या आमदार-खासदारांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यात या गोष्टी आग्रहानं घालून घ्याव्यात. पहिला आदेश अधिकाऱ्यांनी काढावा, त्या घाईत त्यांना कुणी अडवू नये, पण तो 30 दिवसांनी आपोआप संपावा. वाढवायचा असेल तर कारण आणि आकडे लोकांसमोर ठेवून, आणि 90 दिवसांच्या पुढं फक्त विधिमंडळानं हात वर करून. सभागृह बसू शकत नसेल तर ऑनलाईन बसावं, आम्ही लसीकरणाची प्रशिक्षणं तशीच घेतली. देऊळ, दुकान, शाळा, दवाखान्याचे दर यांची मोट एका आदेशात बांधू नये. दवाखान्याचे दर सगळ्यांत शेवटी सुटावेत, कारण लाट गेल्यावरही बिलं येत राहतात. आणि प्रत्येक फलकावर, अगदी गल्लीच्या तोंडाच्या फलकावरसुद्धा, दोन ओळी जाड अक्षरांत असाव्यात: कोणत्या तारखेपर्यंत, आणि उघडायची जबाबदारी कोणत्या हुद्द्यावरच्या माणसाची. ती तारीख गेली आणि नवा कागद लागला नाही, तर बांबू काढणारा गुन्हेगार ठरू नये.

या शेवटच्या मागणीवर माझ्याबरोबर काम केलेल्या काही जणी नाराज होतील. लोक तारीख उलटायची वाट बघत बसतील आणि दुसऱ्या मिनिटाला गर्दी करतील, असं त्या म्हणतात. होईल थोडं तसं. हातावर शिक्का मारलेल्यांतले काही तेराव्या दिवशीच सुटले होते, तेही मला माहीत आहे. पण तारीख असताना सुटलेली माणसं मला नंतर दवाखान्यात भेटली, बोलली, तपासून गेली. लपलेली भेटली नाहीत.

मामा आता काम करत नाहीत, दृष्टी कमी झालीय. खोपटं त्यांच्या भावाचा मुलगा बघतो, तो वडील गेले तेव्हा अकरावीत होता. मागच्या महिन्यात टीव्हीवर कुठल्या तरी नव्या तापाची बातमी चालली होती. मी पायताणाचा अंगठा शिवायला दिला होता, तो घ्यायला गेले. पोरगा मान खाली घालून दोरा ओढत होता. तसाच म्हणाला, "सिस्टर, आता परत बांबू आले तर किती दिवस असतील?"

कायद्यात ते अजून कुठंच लिहिलेलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर